दोन ग्लास रसाचा मोबदला

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास, धाकट्या हंबीररावचा शि. सा. न. वि. वि.

उसाचे चरक, हातानं फिरवायचे आणि मोटरवरचे मिळून पन्नासच्या वर. कडबाकुट्टीची यंत्रं. शेंगा फोडायचं यंत्र, ज्यातून दाणा अख्खा बाहेर येतो. हुपरीच्या कारखानदारासाठी चांदीची तार ओढायचं यंत्र, ज्याचं एकही चाक मी विकत आणलेलं नाही. गल्लीतल्या पोलिओ झालेल्या मास्तरांसाठी तीनचाकी. तुझ्या गोठ्याचं फाटक, जे अजून कुरकुरत नाही. शालनसाठी भाकरी थापायचं यंत्र, जे तिनं एकदाच वापरलं आणि आता त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे.

आक्का, ही यादी तुला पाठ आहे हे मला माहीत आहे. पण बँकेच्या अर्जात ‘व्यवसाय’ या शब्दापुढं जेमतेम दीड इंच जागा होती. दीड इंचात माणूस बसतो होय? म्हणून मी पुरवणी कागद जोडला, आणि वर जे लिहिलं ते त्या कागदावरचं आहे. या सगळ्या वस्तू माझ्या हातच्या, आणि शिकवायला कुणी नव्हतं हेही खाली लिहून दिलं.

अक्षर बघून दचकू नकोस. डाव्या हातानं लिहितोय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू डब्यात ठेवतेस, म्हणून पत्र. बातमी तुझ्यापर्यंत कुणाच्या तोंडून कशी पोचली असेल देव जाणे, म्हणून नीट सांगतो. व्हिएतनाम देशात दा नांग नावाचं गाव आहे. सहलीत शालन आणि मी धरून आम्ही पाच जोडपी तिथं होतो. तिथं माझ्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं रसाच्या चरकात सापडली. तिथल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, हाडांत तारा घातल्या. बोटं जाग्यावर आहेत, पण वाकत नाहीत. इथले डॉक्टर म्हणतात, आतले दोर चिकटलेत, ते दुसरं ऑपरेशन करून सोडवायचे, तेही उन्हाळ्यातच. पुढं ढकललं तर बोटं जन्मभर लाकडासारखी राहतील.

दवाखान्याचं बिल हातात आलं तेव्हा शालन जमिनीवरच बसली. बारा कोटी चाळीस लाख. त्यांच्या पैशाला डोंग म्हणतात, आणि आपल्या एका रुपयाला ते जवळजवळ तीनशे येतात, हे तिला समजावेपर्यंत नर्सनं तिलाच सलाईन लावायची तयारी केली होती. आपल्या हिशेबानं सव्वाचार लाखाला थोडं कमी. नवीन लेथसाठी ठेवलेली ठेव मोडून ते भागवलं.

आता काळजीचं कारण नाही ते सांगतो. माझ्या बँकेच्या खात्याबरोबर परदेश प्रवासाचा विमा फुकट मिळतो. अट अशी की सहलीचे पैसे त्याच खात्याच्या कार्डानं भरलेले पाहिजेत. ती अट मी जायच्या आधी वाचली होती. बाकीच्या चारही जोडप्यांनी रोख देऊन सवलत घेतली आणि मला हसले. मी सवलत सोडली आणि कार्डानं भरले. परवा दावा दाखल केला. बँकेत मृत्युंजय म्हणून अधिकारी आहे, निपाणीकडचा, मला काका म्हणतो. तो म्हणाला, काका, कागद चोख आहेत, फक्त ती पुरवणी नसती तरी चाललं असतं. मी म्हटलं, असली तर बिघडतंय काय? विम्याचे पैसे आले की त्यातूनच दुसरं ऑपरेशन.

तोवर दुकानाचं शटर अर्धं वर करून बसतो. शेजारच्या पिराजीच्या लेथचा आवाज येतो आणि त्याचं हत्यार बोथट झालंय हे मला भिंतीपलीकडून कळतं. दोनदा जाऊन सांगितलं. तिसऱ्यांदा गेलो तर तो म्हणाला, हंबीरराव, घरात जाऊन जरा पडा की.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तो आटू देऊ नकोस, आणि शेंगांचं पोतं मात्र यंदा पाठवू नकोस, निवडायला हात नाही.

तुझा,
हंबीर

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

नेसरी,
दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. हंबीर यास आक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं हाय, हे तुला कुणीतरी सांगायलाच पायजे होतं.

पत्र यायच्या आधी गावात बारा कोटी येऊन पोचले होते. चनबसाप्पा दुकानदारानं मला विचारलं, आक्का, तुमच्या भावाला बारा कोटीचा दंड झाला म्हणं, परदेशात काय मोडलं त्यानं? मी म्हटलं, बोटं मोडली, स्वतःची. तरी बाया येऊन बसून जात्यात. एकीनं तर नारळ आणला. दाजी म्हणत्यात, हंबीरला म्हणावं तेवढ्या पैशात अख्खी बोटं सोन्याची झाली असती.

मस्करी ऱ्हाऊ दे. तू चार पानं लिहिलीस, त्यात बँकेची अट लिहिलीस, पिराजीचं हत्यार लिहिलंस, आणि हात कसा सापडला ते ‘सापडला’ एवढ्या एका शब्दात उरकलंस. मी तुला लहानपणापासून ओळखते. जिथं तू थोडक्यात लिवतोस तिथं काहीतरी असतंय. तू चरकात हात घालणारा माणूस न्हवंस. जत्रेत लोकांची पोरं चरकाजवळ आली की तू त्यांच्या आयांना शिव्या घालायचास. मग काय झालं ते नीट लिव.

आणि एक. दुधाच्या बिलाचे पैसे माझ्या नावावर डेअरीत साठल्यात. ऑपरेशनला लागलं तर सांग. तू न्हाई म्हणणार हे ठाऊक हाय, म्हणून आधीच लिवून ठेवते की विचारलं होतं.

शालनला माझी आठवण सांग. तिला जेवणखाणाचं विचारत जा, ती आपणहून काय बोलायची न्हाई. माया हाय तशीच हाय, त्याची पावती मागू नको.

तुझी,
आक्का

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दि. २ मार्च २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

डेअरीचं बिल डेअरीत राहू दे. बाकी तू विचारलंस ते सांगतो.

त्या गावाबाहेर डोंगरावर एक पूल आहे. दगडाच्या दोन प्रचंड हातांनी तो उचलून धरल्यासारखा दिसतो. सगळी सहल तो बघायला गाडीत बसत होती. रस्त्याकडेला टोकदार टोपी घातलेली एक बाई रस काढत होती. स्टीलची गाडी, मोटरचा चरक, ऊस दाबणाऱ्या दोन लाटा. मी म्हटलं, एक ग्लास घेऊ. रस चांगला होता, ते लोक त्यात लहान लिंबू घालतात. पण माझं लक्ष ग्लासात नव्हतं. चिपाड बाहेर पडत होतं ते ओलं होतं.

आक्का, मी ते उचलून मुठीत पिळलं आणि मनगटापर्यंत ओघळ आला. आपल्याकडं असलं चिपाड टाकणाऱ्याला गिऱ्हाईक हसतं. त्या बाईचा दर पाच उसांमागं एक ऊस कचऱ्यात जात होता आणि तिला पत्ता नव्हता. यंत्र बिघडलेलं नव्हतं, ते चालू होतं, हे मी कबूल करतो. शालन आजही तेच म्हणते, की जगात माणसं बंद पडलेल्या यंत्रात हात घालतात, हा एकटाच चालू यंत्रात घालतो.

मी खुणेनं बाईला ओघळ दाखवला. तिला कळलं. तिनं डब्यातला पाना दिला. बाजूचे बोल्ट आवळले, लाटा जवळ आणल्या, एक ऊस घातला. चिपाड कोरडं ठणठणीत, कागदासारखं. बाई हसली. तिनं दोन ग्लास भरले, एक मला, एक शालनला, आणि पैसे घेतले नाहीत. गाडीवाला भोंगा वाजवत होता.

तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, डावीकडं सुतभर फट जास्त आहे. फट मी पहिल्यापासून बोटानंच बघतो. लाटा थांबवायच्या, दोन बोटं फटीत टेकवायची आणि उलट्या बाजूनं हळूच फिरवायच्या, म्हणजे कुठं डगडग असली तर बोटाला कळते. माझ्या प्रत्येक चरकाला मी खटका असा बसवतो की वर केला की लाटा उलट्या फिरतात आणि हात बाहेर ढकलला जातो. सगळ्या जगात खटका तसाच असणार हे मी धरून चाललो. तिच्या गाडीवर वर म्हणजे सुलट होतं.

खटका मी वर केला. डाव्या हातानं, मी स्वतः. सहलीतले लोक दवाखान्यात मला सांगत होते की लिहा, बाईनं चालू केलं, म्हणजे सगळं सोपं होईल. बाईनं तर वायर उपटली, म्हणून पंजा वाचला. ती दवाखान्यापर्यंत मागून स्कूटरवर आली आणि शालनचा हात धरून बसली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी बोलत होत्या.

आता विमा कंपनीनं बँकेमार्फत विचारलंय की अपघात कसा घडला ते कळवा. मृत्युंजय म्हणाला, काका, ‘पर्यटनाच्या वेळी रसाच्या यंत्रात हात अडकला’ एवढं एक वाक्य पुरे. मी चार पानं लिहिली. बोल्ट किती फिरवला, फट किती होती, खटका कुठं होता, ग्लास किती, सगळं. सोबत चरकाची आकृती, वरून आणि बाजूनं. विचारलंय तर नीट सांगायला नको? अर्धवट सांगून पैसे घ्यायचे म्हणजे उधारी घेतल्यासारखं वाटतं.

दिवस जात नाही. दुकानात जातो, घरी येतो, परत जातो. डॉक्टर म्हणतात मऊ चेंडू दाबत बसा. चेंडू दाबायला मी काय तान्हं आहे?

तुझ्या कानाचं यंत्र डब्यातून काढ. लोभ ठेव, आणि ठेवलास तर बायांना बारा कोटी खोटे आहेत हेही सांग.

तुझा,
हंबीर

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दि. २६ मार्च २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

दावा नाकारला.

पत्र इंग्रजीत होतं. मृत्युंजयनं मला मराठीत वाचून दाखवलं. विमा फिरायला गेलेल्या माणसाचा आहे. परदेशात जाऊन कुणी मोबदला घेऊन हाताचं काम केलं, यंत्रावर काम केलं, तर तो लागू नाही. पुढं लिहिलंय की विमाधारक हे यंत्रबांधणीतले निष्णात कारागीर आहेत, हे त्यांच्याच पुरवणीवरून आणि आकृतीवरून दिसतं. त्यांनी दोन ग्लास उसाच्या रसाच्या मोबदल्यात दुरुस्तीचं काम पत्करलं. म्हणून दावा बसत नाही.

दोन ग्लास रस, आक्का. एक तर शालननं प्यायला.

तो ‘निष्णात’ शब्द मी मृत्युंजयला परत वाचायला लावला. मी नववीत शाळा सोडली. दुकान काढायला कर्ज मागायला गेलो तेव्हा साहेबानं विचारलं, डिप्लोमा कुठाय? सरकारी प्रदर्शनात कडबाकुट्टी ठेवायला गेलो तर म्हणाले, प्रमाणपत्राशिवाय गाळा नाही. इतक्या वर्षांत मला कारागीर म्हणून लेखी कुणी दिलं नव्हतं. पहिल्यांदा दिलं ते असं.

मी बाहेर पडणार तेवढ्यात मृत्युंजयनं बसवून घेतलं. पोरगा मनापासून माझ्यासाठी झटतोय, त्याला बोल लावू नकोस. त्यानं माझ्या खात्याची माहिती उघडली. तुला ठाऊक आहे, दुकानाची नोंदणी शालनच्या नावावर आहे. तेव्हा बायकांच्या नावावर कर्जाचं व्याज कमी होतं आणि मला नुसतं कर्जच मिळत नव्हतं, म्हणून ‘शालन इंजिनिअरिंग वर्क्स’. माझ्या खात्यावर व्यवसाय म्हणून ‘इतर’ लिहिलंय. म्हणजे कागदोपत्री मी कारागीर नाहीच. त्यानं ते कंपनीला दाखवलं. कंपनी फेरविचाराला तयार आहे, दोन अटींवर. पुरवणी कागद आणि आकृती मागे घ्यायची. आणि दोन वाक्यांवर सही करायची. एक, सदर यंत्राचं मला काही ज्ञान नव्हतं, पर्यटक म्हणून गंमत वाटली आणि हात घातला. दोन, यंत्रकाम हा माझा व्यवसाय नाही.

मी विचार करतो म्हणालो. घरी येईपर्यंत रंकाळ्याला दोन फेऱ्या झाल्या, कशासाठी चाललो होतो ते आठवत नाही. किती रक्कम देणार ते अजून सांगितलेलं नाही.

शालननं या पाकिटात एक चिठ्ठी घातली आहे. मला वाचू दिली नाही. लोभ आहे हे धरून चालतो, सध्या एवढंच धरून चालता येतंय.

तुझा,
हंबीर

(सोबतची चिठ्ठी)

ती. वन्सं यांस शालनचा शि. सा. न.

पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. ह्यांना जरा तुम्हीच लिहा. परवा डाव्या हातानं मिक्सर खोलला. तो चांगला होता. जोडल्यावर दोन स्क्रू उरले, ते खिशात घालून हिंडतायत. काल पंखा खोलणार होते, मी स्टूल लपवून ठेवलं. पिराजीभाऊंनी आता दार लावून काम करायला सुरुवात केली आहे.

सहीचं मी त्यांना करा म्हटलं नाही आणि करू नका पण म्हटलं नाही. पण वन्सं, मला तो पैसा पाहिजे. डॉक्टरांनी मेची तारीख दिली आहे. मी भाकरी मोडून ताटात ठेवते तेव्हा ते भिंतीकडं बघतात. तो हात वाकला पाहिजे, बाकी मला काही कळत नाही.

तिकडं पूल बघायचा राहिला त्याचं मला काही नाही. त्यांना वाटतं मी त्यासाठी गप्प आहे.

शालन

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

नेसरी,
दि. ५ एप्रिल २०२५

चि. हंबीर यास आक्काचे अ. उ. आ.

दोन्ही कागद वाचले. आता मी काय लिवते ते उभ्यानं वाचू नको, खाली बस आणि वाच.

सही कर.

तू म्हणशील, खोटं कसं लिवू. मी तुझंच पत्र पुढं घेऊन बसलेय. तू लिवलंयस, सगळ्या जगात खटका तसाच असणार हे मी धरून चाललो. तिच्या गाडीवर वर म्हणजे सुलट होतं. मग हंबीर, त्या यंत्राचं तुला ठाऊक नव्हतंच की. ठाऊक असतं तर बोटं गेली असती का? ते लोक तुझ्याकडनं खरं तेच लिवून मागत्यात आणि तुला ते खोटं वाटतंय. तुझ्या यंत्राचं तुला ठाऊक, तिच्या यंत्राचं तिला. ठाऊक न्हवतं म्हणायला लाज कसली? आपला बा, आप्पा, मरंस्तवर म्हणत होता, मला पावसातलं काय कळत न्हाई. त्याच्याएवढं पावसातलं कुणाला कळत होतं?

तुला वाटतंय सगळ्या कोल्हापुरात ते कागद वाचून दाखवतील. कोण वाचतंय? कंपनीतला एक माणूस वाचणार आणि फडताळात टाकणार. इथं मी गोठ्याचं फाटक रोज उघडते, ते काय कागद बघून उघडतंय व्हय?

दुसऱ्या वाक्याचं म्हणशील तर मला त्यातलं कळत न्हाई. पण शालनचं दुकान हाय असं तूच लिवून दिलंस ना सरकारला? इतकी वर्षं त्याच्यात तुला काही खुपलं न्हाई. व्याज कमी बसत होतं तवर बरं होतं, आता बोचायला लागलं?

लई बोलले. तुझा राग येतो तो भाऊ म्हणून येतो, परक्याचा आला असता तर गप्प बसले असते. किती देणार ते नीट विचार आणि मला आकडा कळव. अंदाज नको, आकडा.

मे महिन्यात मी येऊन ऱ्हाते. तोवर दुसरं काही खोलू नको. आशीर्वाद हाय, तो घ्यायला मात्र सही लागत न्हाई.

तुझी,
आक्का

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दि. २१ एप्रिल २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खाली बसून वाचलं, मग उभ्यानं परत वाचलं. राग आला. तो दोन दिवस टिकला आणि मग टिकेना, कारण तू म्हणतेस ते बरोबर आहे. तिच्या खटक्याचं मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं असतं, नुसती खूण केली असती, तरी तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही कारण मला विचारायची सवय नाही. शिकवायला कुणी नव्हतं हे मी आयुष्यभर मिरवलं, त्याची ही दुसरी बाजू आहे. तुला हे लिहून देतो, शालनला तोंडानं सांगितलं.

म्हणून गुरुवारी बँकेत गेलो ते सही करायलाच. आकृती मागे घेतली. पुरवणी मागे घेतली. मृत्युंजयनं दोन्ही परत माझ्या हातात दिल्या तेव्हा त्याला बरं वाटलेलं दिसलं. पहिल्या वाक्यात मी एवढंच मागितलं की ‘सदर यंत्राचं काही ज्ञान नव्हतं’ याच्याऐवजी ‘सदर यंत्राच्या खटक्याचं ज्ञान नव्हतं’ असं लिहा, कारण खरं तेवढंच आहे, आणि ‘गंमत वाटली’ हे काढा. त्यानं तिथूनच कंपनीला फोन लावला. बराच वेळ बोलला. मग म्हणाला, काका, जमलं, ते वाक्य त्यांनी तसं घेतलं.

मी पेन उचललं. अंगठा आणि अनामिका यांच्यात धरून सही करायचं मी घरी शिकलो होतो, तशी पहिल्या वाक्याखाली केली.

दुसऱ्या वाक्यासाठी शालनलाही बोलावलं होतं, कारण दुकान तिच्या नावावर. तिनंही एक सही करायची होती, की माझ्या दुकानात माझे पती यंत्रकाम करत नाहीत. मृत्युंजयनं दोन्ही वाक्यं सावकाश वाचली. शालन इतके दिवस सहीच्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. तिनं पदर सावरला आणि त्याला विचारलं, “मग तीस वर्षं मी कुणाचे वंगणाचे कपडे धुतले, ते पण लिवा की त्यात.”

भांडायला नाही विचारलं तिनं. तिला खरंच वाटलं की ते कुठंतरी लिहायला लागेल. मृत्युंजय म्हणाला, काकू, ते लिहिलं तर पैसे मिळत नाहीत. शालन म्हणाली, बरं. एवढंच. माझ्याकडं बघितलं नाही. तिनं सही करायला पेन मागितलं असतं तरी मी तिला अडवलं नसतं, हे तुला खरं सांगतो. पैसा तिलाच पाहिजे होता, माझ्यापेक्षा जास्त.

पण मला पेन चालवता येईना. बोटं दुखत होती म्हणून नाही. खटक्याचं ठाऊक नव्हतं हे मी लिहून द्यायला तयार होतो, दिलंही. आक्का, तू विचारलंस की दुकान तिच्या नावावर करताना बोचलं नाही का. तेव्हा मी नाव दिलं होतं. काम दिलं नव्हतं. हे कागद काम मागत होते, आणि ते माझं एकट्याचं नव्हतं, तिच्या हाताला लागलेलं वंगणही त्यात होतं. मी पेन टेबलावर ठेवलं आणि मृत्युंजयला म्हटलं, राहू दे रे. त्यानं एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. पोरगा माझ्यापेक्षा जास्त हळहळला. आठ दिवसांची मुदत आहे म्हणाला. मी म्हटलं, मुदतीचं काही नाही.

बाहेर आल्यावर शालन पायरीवर थांबली. मला वाटलं आता रडते. तिनं विचारलं, मोठ्या लेथचे किती येतील? कबनूरला यंत्रमागाचे सुटे भाग करणारा एक जण तो कधीचा मागतोय. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, दुकान माझं आहे, विकायची सही मी करते, आणि ऑपरेशनची तारीख बदलायची नाही. मी म्हटलं, त्याच लेथवर मी सगळं केलं. ती म्हणाली, हात आला तर लहान लेथवर करा. मग आम्ही रिक्षा केली.

लेथ काल गेला. चौघांनी उचलला. गेल्यावर जमिनीवर त्याच्या पायांच्या चार चौकटी राहिल्यात, त्यांच्यात मी झाडू मारत नाही. रिकाम्या दुकानात आवाज घुमतो. दिवसातून किती वेळा शटर वर-खाली करतो ते शालनला विचार. झोप येत नाही, आणि आली तर पहाटे हात आपोआप हत्यारांच्या पेटीकडं जातो. ऑपरेशन पाच मेला. डॉक्टर म्हणतात, बोटं पूर्ण वाकतील असा शब्द देत नाही. मी म्हटलं, जेवढी वाकतील तेवढी मी मोजीन.

तू ये. येताना दुधाच्या बिलाचं नाव काढू नकोस, आणि काढलंस तर शालनजवळ काढ, तिच्यापुढं माझं हल्ली चालत नाही. दाजींना नमस्कार. माझ्यावर चिडली असशील तर चिडलेलीच ये, पण ये. माया कमी पडली तर मी मागून घेईन, ते मागायला मला लाज नाही.

तुझा,
हंबीर

ता. क. तू आकडा विचारला होतास. कंपनीनं दोन सह्यांच्या बदल्यात, कपात जाऊन, चार लाख चौदा हजार तीनशे रुपये देऊ केले होते. ते मी घेतले नाहीत.